चॅट्सवर्थचे घर कशावर उभे राहिले

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशायर परगण्यात, डर्वेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ नावाचे एक घर आहे. ‘घर’ हा शब्द तिथलेच लोक वापरतात म्हणून येथेही तोच ठेवला आहे. एरवी मराठी माणूस त्या पिवळसर दगडाच्या इमारतीला राजवाडाच म्हणेल. घराभोवती १०५ एकरांची बाग आहे, बागेभोवती सुमारे १,००० एकरांचे राखीव हिरवे रान असून त्यात हरणे आणि मेंढ्या चरतात, आणि त्याच्याही पलीकडे शेते, गावे, जंगल आणि डोंगरमाथ्यावरचा माळ पसरलेला आहे. या सगळ्याला मिळून इस्टेट म्हणतात. लोक येतात ते घर पाहायला. पण घराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर आधी जमिनीकडे पाहावे लागते, कारण जवळजवळ चारशे वर्षे हे घर जमिनीच्या उत्पन्नावर जगले आणि ती जमीन हातची सुटू लागली तेव्हा घरही जाण्याची वेळ आली.

एवढे मोठे घर स्वतः एक पैसाही कमवीत नाही, उलट ते रोज खातेच. छपरावरचे शिसे, खिडक्यांच्या काचा, शेकोट्यांचा कोळसा, नोकरांचे पगार आणि पाहुण्यांची सरबराई हा सगळा खर्च कुळांच्या खंडातून निघत असे. जमीन लहानमोठ्या तुकड्यांत शेतकऱ्यांना कसायला दिलेली असे, गावातली घरेही भाड्याने दिलेली असत, जंगलातून लाकूड मिळे आणि जमिनीखाली धातू किंवा कोळसा असला तर त्याचेही उत्पन्न मालकाचेच. आपल्याला लगेच सरंजाम आठवतो, पण दोहोंत एक मूलभूत फरक आहे. सरंजामदाराकडे मुख्यतः महसूल वसूल करण्याचा हक्क असे आणि तो राज्याच्या मर्जीवर अवलंबून राही. सतराव्या शतकापासूनचा इंग्लिश उमराव मात्र जमिनीचा पक्का खासगी मालक होता आणि राजा बदलला तरी त्याची शेते त्याच्याकडेच राहत.

चॅट्सवर्थची सुरुवात एका कर्तबगार बाईपासून होते. बेस ऑफ हार्डविक ही डर्बीशायरच्याच एका बेताच्या परिस्थितीतल्या घराण्यातली मुलगी. आयुष्यात तिची चार लग्ने झाली आणि प्रत्येक लग्नाबरोबर तिची मालमत्ता वाढत गेली. तिचा दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा सरकारी अधिकारी होता. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात देशभरातले ख्रिस्ती मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, तेव्हा त्या कामावर नेमलेल्यांपैकी तो एक होता आणि त्या उलाढालीत त्याचेही भले झाले. बेसने त्याला इतरत्र असलेल्या जमिनी विकून आपल्या माहेरच्या मुलखात यायला राजी केले आणि १५४९ मध्ये दोघांनी चॅट्सवर्थ ६०० पौंडांना विकत घेतले. १५५२ मध्ये बांधकाम सुरू झाले. पाच वर्षांनी कॅव्हेंडिश वारला, पण बेसने काम थांबवले नाही. तिचा चौथा नवरा, अर्ल ऑफ श्रूझबरी, याच्यावर स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्या पहाऱ्याची जबाबदारी होती, त्यामुळे १५६९ नंतरच्या वर्षांत ती राणी कैदी म्हणून अनेकदा चॅट्सवर्थला राहिली. बेसच्या काळातले ते घर आज दिसत नाही, मात्र मागच्या टेकडीवरचा तिचा शिकारीचा मनोरा अजून उभा आहे. तिच्या मुलाला १६१८ मध्ये अर्ल ऑफ डेव्हनशायर ही पदवी मिळाली. पदवीत डेव्हनशायर आणि वास्तव्य डर्बीशायरमध्ये याने गोंधळून जाऊ नये, कारण पदवीतल्या परगण्याशी राहण्याचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते.

बेसने जोडलेली मालमत्ता पुढे अखंड कशी राहिली हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या कशा होतात हे कोणाला सांगायला नको: आजोबांचा एक चौक, तीन मुलांच्या तीन चुली, नातवंडांच्या काळात चौकात मधोमध विटांची भिंत आणि मग वर्षानुवर्षे चालणारा दावा. इंग्लिश उमरावांनी अशी वाटणी होऊच नये अशी पक्की तजवीज केली होती. पदवी आणि जमीन दोन्ही थोरल्या मुलाकडे जात, हा झाला पहिला भाग. दुसरा भाग सतराव्या शतकात वकिलांनी घडवला आणि तो फार हुशारीचा होता. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा झाला की, किंवा त्याचे लग्न ठरले की, बापलेक मिळून नवा दस्त करीत. त्या दस्ताप्रमाणे बाप हा हयातीपुरता भोगवटादार, त्याच्यामागे मुलगाही हयातीपुरताच भोगवटादार आणि पूर्ण हक्क मिळायचा तो अजून जन्मालाही न आलेल्या नातवाला. म्हणजे जिवंत असलेल्या कोणालाही जमीन फुंकून टाकता येत नसे. मुलगा अशा दस्तावर सही का करी? कारण सही केली की वडील हयात असतानाच त्याचे वर्षासन सुरू होई, आणि त्या वयात हातात पैसा हवाच असतो. नातू मोठा झाला की त्याच्याबरोबर पुन्हा असाच दस्त होई आणि गाठ एक पिढी पुढे सरके.

धाकट्या मुलांना जमीन मिळत नसे. त्यांना एकरकमी पैसे देऊन लष्कर, चर्च किंवा वकिलीच्या वाटेला लावत. मुलींना हुंडा मिळे. हे पैसे इस्टेटीवर बोजा ठेवून उभे केले जात आणि त्याचे व्याज खंडातून फेडले जाई. या व्यवस्थेत घराणे टिकले आणि घर टिकले, पण घरात जन्मलेल्या बहुतेकांना आपले जन्मघर सोडून जावे लागले. माझ्या मते या घरांच्या भव्यतेची ही खरी किंमत होती, आणि तिच्यात कुळांनी वर्षानुवर्षे भरलेला खंडही धरला पाहिजे.

आज दिसते ते घर चौथ्या अर्लने बांधले. राजाशी बिघडल्यामुळे तो दरबारापासून दूर गावी राहत होता आणि १६८७ मध्ये त्याने फक्त दक्षिणेची बाजू नव्याने बांधायला घेतली. पुढच्याच वर्षी ज्या सात जणांनी राजाविरुद्ध मदतीसाठी हॉलंडच्या विल्यम ऑफ ऑरेंज या राजपुत्राला इंग्लंडमध्ये येण्याचे गुप्त निमंत्रण धाडले, त्यांत हा एक होता. ही क्रांती यशस्वी होऊन विल्यम राजा झाला, १६९४ मध्ये या अर्लला त्याहून वरची ड्यूक ही पदवी मिळाली आणि एव्हाना त्याला बांधकामाचे वेडही लागले होते. एक बाजू झाली की दुसरी, असे करत उत्तरेची शेवटची बाजू १७०७ मध्ये पुरी झाली आणि त्याच वर्षी तो वारला. दक्षिणेकडची दालने राजा विल्यम आणि त्याची राणी मेरी यांच्या मुक्कामासाठी सजवली होती. ते दोघे कधीच आले नाहीत. बागेत उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वाहणारा जो धबधबा आहे, तो याच ड्यूकच्या काळचा. त्याच्या पायऱ्यांचे चोवीस गट आहेत आणि प्रत्येक गटाचे माप थोडे वेगळे ठेवले आहे, त्यामुळे उतारावरून चालत गेले की पाण्याचा आवाज बदलत जातो.

अठराव्या शतकात आवड बदलली. आखीवरेखीव फुलबागांऐवजी निसर्गच आहे असे वाटणारा देखावा हवासा झाला. चौथ्या ड्यूकने त्या काळचा नामांकित उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन याला बोलावले आणि त्याने जुन्या बागेचा बराच भाग मोडून गवताचे उतार आणि झाडांचे पुंजके तयार केले. आज खिडकीतून दिसणारे ते मोकळे रान मुळातले वाटते, पण ते माणसाने आखलेले आहे. पाचव्या ड्यूकच्या वेळी स्टॅफर्डशायरमधील एक्टनच्या खाणीतून तांब्याचे मोठे उत्पन्न आले आणि त्यातून जवळच्या बक्स्टन गावी अर्धचंद्राकार देखणी इमारत उभी राहिली. शेतीच्या खंडाला खाणीची जोड मिळाली की एखादे घराणे कुठल्या कुठे जाते, याचे हे उदाहरण आहे.

सहाव्या ड्यूकने लग्न केले नाही, आणि त्याचा पैसा पुस्तके, पुतळे, झाडे आणि बांधकामे यांत गेला. १८२६ मध्ये त्याने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला मुख्य माळी म्हणून नेमले. पॅक्स्टन तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे की तो पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला पोहोचला, आत शिरायला वाट नव्हती म्हणून भिंतीवरून उडी मारून आला, सगळी बाग फिरला, सहाला माणसांना कामाला लावले, पाण्याची कारंजी चालवून पाहिली आणि मग घराच्या व्यवस्थापिकेकडे न्याहारीला गेला, तिथे तिची भाची दिसली आणि नऊ वाजायच्या आत दोघे प्रेमात पडले होते. ती सेरा बाऊन पुढे त्याची पत्नी झाली आणि तो दूर असताना बागेचे व्यवहार तिनेच सांभाळले.

पॅक्स्टनच्या कामांपैकी एकाकडे जवळून पाहण्यासारखे आहे. १८४३ च्या सुमारास रशियाचा झार पहिला निकोलस इंग्लंडला येणार अशी वार्ता होती आणि ड्यूकला त्याच्या स्वागतासाठी युरोपातले सर्वांत उंच कारंजे हवे होते. पॅक्स्टनने घराच्या वरच्या माळावर, सुमारे ३५० फूट उंचीवर, आठ एकरांचे तळे खोदले आणि तिथून लोखंडी नळाने पाणी खाली आणले. याला पंप नाही. पाणी जेवढ्या उंचीवरून उतरते, जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत पुन्हा चढू पाहते. नळातले घर्षण आणि हवेचा अडथळा यांमुळे थोडे कमी पडते इतकेच. काम लवकर पुरे व्हावे म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडात खोदाई चालली. कारंजे २९६ फुटांपर्यंत चढले. झार १८४४ मध्ये इंग्लंडला आला खरा, पण चॅट्सवर्थला आला नाही. तळे मात्र वाया गेले नाही. १८९३ मध्ये डोंगरावरून येणाऱ्या याच पाण्यावर टर्बाइन बसवून घराला वीज पुरवण्यात आली.

त्याआधी, १८३६ ते १८४० या काळात, पॅक्स्टनने २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच असे काचेचे वनस्पतिगृह बांधले होते. त्याच्या आतून घोडागाडी हाकता येत असे. जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि कोळसा भुयारातल्या छोट्या रेल्वेने येई, म्हणजे पाहुण्याच्या नजरेला धूर किंवा कोळशाचा ढीग पडत नसे. लाकडी चौकटी आणि काच यांच्याशी झालेल्या या झटापटीतून पॅक्स्टन जे शिकला, ते त्याने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस ही काचेची प्रचंड इमारत उभारताना वापरले.

या काचघरासाठी झाडे हवी होती आणि ती आणायला १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाचा चॅट्सवर्थचा तरुण माळी हिंदुस्थानात धाडला गेला. गव्हर्नर जनरल म्हणून निघालेल्या लॉर्ड ऑकलंडच्याच जहाजातून तो कलकत्त्याला आला आणि खासी टेकड्यांमध्ये चेरापुंजीच्या परिसरात फिरून त्याने ऑर्किडचा प्रचंड साठा गोळा केला. त्याला मुख्यतः हवे होते ब्रह्मदेशातले एक फुलझाड. मराठीत त्याला उर्वशी म्हणतात, मुंबईच्या राणीच्या बागेत ते पाहायला मिळते आणि त्याचे लांब देठाला लोंबणारे लाल-पिवळे घोस एकदा पाहिले की विसरत नाहीत. गिब्सनने ते झाड १८३७ मध्ये जिवंत चॅट्सवर्थला पोहोचवले, ड्यूकला अतोनात आनंद झाला, पण तिथे ते फुललेच नाही. इंग्लंडमध्ये उर्वशी पहिल्यांदा फुलली ती लंडनजवळच्या दुसऱ्याच एका बागेत, १८४९ मध्ये. दुसरे झाड आपल्या अधिक ओळखीचे आहे. पॅक्स्टनने मॉरिशसहून इंग्लंडला आलेल्या एका बुटक्या केळीचे रोप मिळवले, ती १८३५ च्या नोव्हेंबरात व्याली, आणि तिला त्याने मालकाच्या घराण्यावरून कॅव्हेंडिश हे नाव दिले. जळगावच्या शिवारात पूर्वापार लावली जाणारी बसराई आणि आता सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन या दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. केळी मूळची दक्षिण चीनकडची आहे आणि आपल्याकडे ती चॅट्सवर्थहून आली असे नाही; डर्बीशायरच्या काचघरातून आले ते नाव.

घराच्या सौंदर्यासाठी माणसे हलवली गेली हेही सांगितले पाहिजे. इडन्सर हे गाव खिडकीतून दिसत असे. त्याचा नजरेत येणारा भाग टप्प्याटप्प्याने पाडला गेला आणि पॅक्स्टनच्या देखरेखीखाली गाव टेकडीच्या आडोशाला नव्याने वसवण्यात आले. नवी घरे जुन्यांपेक्षा चांगली, दगडी आणि प्रत्येक वेगळ्या शैलीतली होती, हे खरे आहे. पण गाव कुठे असावे हे गावकऱ्यांनी ठरवले नाही, कारण जमीन त्यांची नव्हती. दुसरीकडे, याच ड्यूकने घराचे दरवाजे सर्वसामान्यांना उघडे ठेवले आणि १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या रोझ्ली गावापर्यंत आली तेव्हा कारखान्यांतली माणसे हजारोंच्या संख्येने सुट्टीच्या दिवशी घर पाहायला येऊ लागली.

सहाव्या ड्यूकने मागे भरपूर कर्ज ठेवले. सातव्याने ते फेडण्यासाठी बॅरो-इन-फर्नेस या गावी पोलाद, रेल्वे आणि जहाजबांधणीत पैसा गुंतवला; सुरुवातीला नफा झाला आणि पुढे धंदा बसल्यावर तोच पैसा अडकला. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जमीनदारांच्या यादीत या घराण्याच्या नावावर इंग्लंड आणि आयर्लंड मिळून सुमारे १,९८,००० एकर जमीन आणि वर्षाला सुमारे १,८०,००० पौंडांचे उत्पन्न दिसते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण नेमक्या त्याच काळात पायाखालची वाळू सरकत होती. अमेरिकेच्या अंतर्भागात रेल्वे पोहोचली, आगबोटींचे भाडे उतरले आणि तिकडचा गहू इंग्लंडच्या बाजारात इतका स्वस्त मिळू लागला की इथल्या शेतकऱ्याला खंड परवडेना. खंड कमी करावे लागले आणि बोजांचे व्याज मात्र तेवढेच राहिले. १८८२ च्या कायद्याने हयातीपुरत्या भोगवटादारालाही जमीन विकण्याची मुभा दिली, त्यामुळे दोनशे वर्षांची ती गाठ सैल झाली. १८९४ मध्ये वारसाकर नव्या स्वरूपात आला. सर्वांत मोठ्या मालमत्तांवर तो सुरुवातीला ८ टक्के होता, १९१९ मध्ये ४० टक्के झाला आणि १९४९ मध्ये ८० टक्के. अखंड मालमत्ता एकाच मुलाकडे जाणे ही जी या घराण्यांची ताकद होती, तिच्यावरच हा कर बसला.

आठवा ड्यूक १९०८ मध्ये वारला आणि वारसाकराचा पाच लाख पौंडांहून मोठा आकडा पहिल्यांदा या घराण्यापुढे आला. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेली दुर्मीळ पुस्तके आणि जुन्या नाटकांचा संग्रह १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री हंटिंग्टनला विकले गेले. लंडनमधले डेव्हनशायर हाऊस विकले गेले आणि १९२४ मध्ये पाडले गेले. पॅक्स्टनच्या काचघराला पहिल्या महायुद्धात कोळसा मिळाला नाही, झाडे थंडीने मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून उडवावे लागले. त्या जागी आता झुडपांचा चक्रव्यूह आहे.

दुसऱ्या महायुद्धात दहाव्या ड्यूकने घर मुलींच्या शाळेला दिले. सैनिकांपेक्षा मुली घराची नासधूस कमी करतील असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. वेल्समधल्या पेनरोस कॉलेजच्या मुली राजासाठी सजवलेल्या दालनांत खाटा मांडून झोपत. १९४४ च्या सप्टेंबरात थोरला मुलगा बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. चारच महिन्यांपूर्वी त्याचे लग्न अमेरिकेच्या केनेडी घराण्यातल्या कॅथलीनशी झाले होते. वारसा धाकट्या अँड्रूकडे आला. ड्यूकने १९४६ मध्ये बहुतेक मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या नावे केली, कारण असे दान केल्यानंतर पाच वर्षे देणारा जगला तर त्यावर वारसाकर लागत नसे. १९५० च्या नोव्हेंबरात लाकडे फोडत असताना हृदयविकाराने तो गेला. वय ५५ होते आणि मुदत संपायला तीन-चार महिने उरले होते.

कराचा आकडा सुमारे सत्तर लाख पौंड निघाला आणि त्याची फेड सतरा वर्षे चालली. स्कॉटलंडमधली हजारो एकर जमीन विकली गेली, रेम्ब्रांट आणि होल्बाइन यांची चित्रे सरकारजमा होऊन राष्ट्रीय संग्रहांत गेली, आणि बेसने म्हातारपणी बांधलेले हार्डविक हॉल, जे साडेतीनशेहून अधिक वर्षे याच वंशाकडे होते, करापोटी दिले गेले आणि १९५९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. चॅट्सवर्थ वाचावे म्हणून हार्डविक सोडले, असा तो सरळ निर्णय होता. याच दशकात इतर अनेक घराण्यांना असा निर्णय घेण्याइतकेही काही उरले नव्हते. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक मोठी ग्रामीण घरे पाडली गेली.

अकरावा ड्यूक अँड्रू आणि त्याची पत्नी डेबोरा १९५९ मध्ये मुलांसह घरात राहायला आले. मुलांना दूध कुठून येते हे कळावे म्हणून १९७३ मध्ये शेतावरचा गोठा लोकांना दाखवायला सुरुवात झाली आणि १९७७ मध्ये इस्टेटीवरचे मांस, अंडी आणि चीज विकणारे दुकान निघाले. डेबोराने या व्यवहारात जातीने लक्ष घातले. मग १९८१ मध्ये कायदेशीर रचनाच बदलली: चॅट्सवर्थ हाऊस ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि घर, त्यातल्या मुख्य वस्तू, बाग आणि भोवतीचे रान हे सगळे तिला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने नाममात्र भाड्यात दिले गेले. संस्थेच्या गंगाजळीसाठी पूसँ या फ्रेंच चित्रकाराचे एक चित्र विकले गेले आणि १९८४ मध्ये जुन्या इटालियन व इतर चित्रकारांच्या ७१ रेखाटनांच्या लिलावातून २ कोटी १० लाख पौंड आले.

आता तिकिटाचे पैसे ट्रस्टकडे जातात आणि त्यातून छपराचे शिसे, दगडी नक्षी व कारंज्याचे नळ यांची दुरुस्ती होते. २००४ पासून बारावा ड्यूक गादीवर आहे. त्याचे कुटुंब बेसच्या त्याच जागेवर राहते, आणि आपल्या खोल्यांचे बाजारभावाप्रमाणे भाडे ट्रस्टला भरते.